भूमीकडे पाहणारें विमान

(नभोवाणीवरून केलेलें भाषण)



भामरागड तालुक्यांतील एका शाळेवर मी मास्तर होतों, त्या काळची ही गोष्ट. श्रावणाचे दिवस होते. पावसानें नुकतीच उघडीप दिली होती आणि मी मुलांस भूगोल शिकवीत होतों. इतक्यांत ढगांच्या वर कोठें तरी विमानाची घरघर ऐकूं आली. मुलें पाटीपुस्तक टाकून ओसरीवर धांवलीं. आकाशांत ढगांवांचून कांहींच दिसत नव्हतें. आवाज दूर विरून गेला, तेव्हां तिसऱ्या इयत्तेंतील एका माडिया मुलानें मला विचारलें, "गुरुजी, आपल्याला तें दिसलें नाहीं, पण त्याला आपण दिसलों असूं का?"

"दिसलों असूं," एवढेंच म्हणून मीं त्यास वर्गांत बसविलें. खरें सांगावयाचें तर मला उत्तर ठाऊक नव्हतें. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला प्राथमिक शिक्षक. रडार हा शब्द मला वृत्तपत्रांपुरता माहीत होता. निवृत्त झाल्यावर वाचनास सवड मिळाली, आणि त्या मुलाचें देणें मनांत राहून गेलें होतें तें फेडण्याचा मीं यत्न केला. तें उत्तर आज मी आपणां सर्वांपुढें मांडणार आहें. त्यांत यंत्राची माहिती थोडी आहे, पैशाचा हिशेब थोडा अधिक आहे, आणि शेवटीं आपल्या रानांतील माणसांची गोष्ट आहे.

लष्करी टेहळणीचीं रडार-विमानें दोन जातींचीं असतात. पहिल्या जातीचीं विमानें आकाशाकडे पाहतात. शत्रूचें विमान कोठून आणि किती वेगानें येत आहे, हें तीं आधींच सांगतात. दुसऱ्या जातीचीं विमानें भूमीकडे पाहतात. रणगाडे कोठें सरकत आहेत, मोटारींची रांग कोणत्या वाटेनें निघाली आहे, नवा पूल कोठें पडला आहे, याची तीं खबर देतात. आज बोलावयाचें तें या दुसऱ्या जातीविषयीं.

रडार हा यंत्राचा डोळा आहे असें आपण म्हणतों. परंतु वास्तविक तो कान आहे. विहिरींत डोकावून हांक मारली म्हणजे प्रतिध्वनि येतो, आणि तो किती वेळानें आला यावरून पाणी किती खोल आहे याचा अंदाज करतां येतो. विमान तसेंच करतें. तें अदृश्य लहरी तिरप्या दिशेनें भूमीवर सोडतें आणि परत येणारा प्रतिध्वनि ऐकतें. या कामीं त्यास उजेड लागत नाहीं, आणि ढगहि सहसा आड येत नाहींत.

आतां चालती वस्तु स्थिर भूमीहून निराळी कशी ओळखावयाची? बल्लारशा स्टेशनावर उभे राहून आपण धांवत्या गाडीची शिटी ऐकली असेल. गाडी जवळ येत असतां शिटीचा स्वर चढा लागतो, आणि ती पुढें निघून जातांच तो उतरतो. प्रतिध्वनींतील असाच सूक्ष्म फरक मोजून यंत्र धांवती मोटार भूमीपासून वेगळी काढतें. पडद्यावर ती एका ठिपक्याच्या रूपानें सरकूं लागते.

स्थिर वस्तूंचें बारीक चित्र काढावयाचें, तर फार लांब एरियल हवें, आणि तेवढें लांब एरियल कोणत्याहि विमानास पेलणारें नाहीं. यावर शास्त्रज्ञांनीं जी युक्ति काढली, तिच्यासारखी एक युक्ति आमच्या खेड्यांतील पोरांनाहि ठाऊक आहे. बांबूच्या कुडाच्या एका फटींतून आंतील अंगण दिसत नाहीं. पण कुडाच्या कडेनें चालत गेलें म्हणजे फटीफटींतून दिसलेले तुकडे मनांत जुळतात आणि सारें अंगण दिसूं लागतें. विमानहि उडतां उडतां वाटेवरील असंख्य ठिकाणांहून ऐकलेले प्रतिध्वनि सांठवितें, आणि संगणक त्यांची जुळणी करून एक चित्र तयार करतो.

या विद्येची पहिली मोठी परीक्षा १९९१ च्या आखाती युद्धांत झाली. अमेरिकेचीं 'जॉइंट स्टार्स' नांवाचीं दोन विमानें तेव्हां प्रयोगाच्या अवस्थेंतच होतीं. तरी तीं तशींच रणांगणीं धाडण्यांत आलीं. त्या वर्षीं जानेवारीच्या अखेरीस इराकी सैन्य रात्रीं सौदी अरेबियांतील खफजी या गांवावर चालून गेलें. वाळवंटांतून सरकणाऱ्या त्याच्या वाहनांच्या रांगा या विमानांच्या पडद्यांवर उमटल्या. रात्रीचा काळोख हा सैन्याचा फार जुना आडोसा. तो त्या युद्धांत फाटला.

परंतु मी विजयाची कथा सांगावयास आलों नाहीं. मला सांगावयाचें आहे तें पुढें काय झालें तें. हें विलक्षण रडार ज्या विमानांवर बसविलें, तीं बोइंग ७०७ जातीचीं, दुसऱ्यांनीं वापरून झालेलीं जुनीं विमानें होतीं. यंत्र नवें आणि गाडा जुना, अशी ती जोडी. पुढें अशीं सतरा विमानें झालीं, आणि त्यांचा पुष्कळ काळ दुरुस्तींत जाऊं लागला. तेव्हां नवीं विमानें घेण्याची योजना आंखली गेली. पण २०१८ सालीं अमेरिकेच्या हवाई दलानें तीहि सोडून देण्याचें ठरविलें. लांब पल्ल्याच्या क्षेपणास्त्रांपुढें असें मोठें आणि संथ विमान टिकाव धरणार नाहीं, ही भीति त्याच्या मुळाशीं होती. २०२३ सालीं त्यांतील शेवटचीं विमानें सेवेंतून गेलीं.

ब्रिटनची गोष्ट याहूनहि बोधप्रद आहे. त्या देशानें याच कामासाठीं 'सेंटिनेल' नांवाचीं पांच विमानें बांधविलीं. तीं सेवेंत रुजू होऊन दोन-तीन वर्षें होतात न होतात, तोंच २०१० सालीं सरकारनें जाहीर केलें कीं अफगाणिस्तानांतील काम संपतांच तीं काढून टाकावयाचीं. पण पुढल्याच वर्षीं लिबियांत त्यांची गरज पडली, आणि त्यानंतर आफ्रिकेंतील मालींत पडली. मुदत वाढवीत वाढवीत अखेर २०२१ सालीं तीं निवृत्त झालीं. जें यंत्र उद्यां मोडींत निघावयाचें आहे, त्याच्या सुधारणेवर आज पैसा कोण घालणार? आणि सुधारणा न झालेलें यंत्र मोडींत निघण्यावांचून दुसरें काय होणार? युरोपांत मात्र पंधरा राष्ट्रांनीं वर्गणी करून वैमानिकावांचून उडणारीं पांच विमानें घेतलीं आणि इटलींतील सिसिली बेटावर ठेवलीं. एकट्याला न पेलणारा हत्ती पंधरा घरांनीं मिळून पोसावयाचा, असा तो विचार.

या गोष्टी वाचतांना मला माझी शाळा आठवली. एके वर्षीं आमच्या शाळेंत संगणक आला. नारळ फुटला, पेटीस हार घातला गेला, फोटो निघाला. गांवांत वीज दिवसाचे कांहीं तासच असे, म्हणून सोबत एक बॅटरी होती. ती वर्षाच्या आंत बसली. नव्या बॅटरीसाठीं मीं तीन वेळां अर्ज केला. उत्तर आलें कीं तरतूद खरेदीची होती, दुरुस्तीची नाहीं. पुढें त्या पेटीच्या मागें पालीनें अंडीं घातलीं. मुलांनीं मात्र ती पेटी अखेरपर्यंत रोज पुसली. कोणी तरी येऊन ती सुरू करील अशी त्यांची खात्री होती. 'चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला' अशी म्हण आहे. आपण कोंबडीचे चार आणे मंजूर करतों, सोहळा करतों, आणि मसाल्याचे बारा आणे कोण देणार हा प्रश्न आला कीं एकमेकांकडे पाहूं लागतों. टेहळणीच्या विमानाचा मसाला म्हणजे इंधन, सुटे भाग, दर कांहीं वर्षांनीं बदलावे लागणारे संगणक, भूमीवरील केंद्रें, आणि चित्रें वाचणारीं शिकलेलीं माणसें.

आतां आपल्या देशाकडे वळूं. या वाटेवर आपण पैसाच नव्हे, प्राणहि दिले आहेत. ११ जानेवारी १९९९ रोजीं तामिळनाडूंतील अरक्कोणमजवळ ॲव्हरो जातीचें एक विमान कोसळलें. त्याच्या पाठीवर रडारची तबकडी बसवून प्रयोग चालले होते. आंतील आठहि जण मृत्युमुखीं पडले. तें काम थांबलें आणि कांहीं वर्षांनीं निराळ्या रूपानें पुन्हां उभें राहिलें. २०१७ च्या फेब्रुवारींत 'नेत्र' नांवाचें विमान वायुदलाच्या स्वाधीन झालें. विमान ब्राझीलचें, परंतु रडार आपल्या शास्त्रज्ञांचें. मात्र हें नेत्र आकाशाकडे पाहणारें आहे. भूमीकडे पाहणाऱ्या तीन विमानांचा सुमारें १०,००० कोटि रुपयांचा प्रस्ताव २०२५ च्या जूनमध्यें वृत्तपत्रांतून वाचावयास मिळाला. विमानें बाहेरून घ्यावयाचीं आणि आंतील यंत्रें येथें बनवावयाचीं, अशी ती योजना. मी गणिताचा मास्तर. भागाकार केल्यावांचून मला राहवत नाहीं. एका विमानामागें ३,३०० कोटींहून अधिक रुपये होतात.

ही रक्कम अधिक कीं उणी, हें सांगण्याचा अधिकार माझा नाहीं. ज्या सीमेवर शेजाऱ्याचें सैन्य डोंगरापलीकडे हालचाल करतें, तेथें असा दूरदर्शी पहारेकरी लागतो, हें मी जाणतों. १९६२ सालीं चीनचें संकट आलें तेव्हां मी मांडीवरचें मूल होतों. यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस गेले आणि त्यांच्या जागीं आमच्या चांद्याचे मारोतराव कन्नमवार मुख्यमंत्री झाले, तो हा काळ. देशभर संरक्षण निधि गोळा होत होता. माझ्या आईनें आपल्या कानांतील फुलें त्यांत दिलीं. घरांत सोनें तेवढेंच होतें. तिनें त्याचें काय झालें हें जन्मांत कधीं विचारलें नाहीं. आमच्या जिल्ह्यांतील भद्रावतीचा दारूगोळ्याचा कारखाना त्या युद्धानंतरच उभा राहिला. बसनें त्यावरून जातांना ती हात जोडीत असे. देणारानें विचारूं नये, हा तिचा मोठेपणा झाला. पण घेणारानें न विचारतां हिशेब सांगावा, हें त्याचें कर्तव्य होय. नवें यंत्र घेतांना पहिल्या दिवसाची किंमत सांगून भागत नाहीं. तें पंचवीस वर्षें डोळस राहावें यासाठीं दरसाल काय लागेल, हेंहि त्याच कागदावर लिहिलें पाहिजे. तसेंच विमान म्हातारें झालें तरी रडार नव्या विमानावर चढवितां यावें, आणि रडार जुनें झालें तर तेवढेंच बदलतां यावें, अशी रचना आरंभींच असली पाहिजे. परदेशांचा धडा आपणांस फुकट मिळाला आहे. तो आपण पैसे देऊन पुन्हां शिकूं नये.

हें झालें सीमेविषयीं. आमच्या रानाचें काय?

चंद्रपूर जिल्ह्यांतून २६ ऑगस्ट १९८२ रोजीं गडचिरोली जिल्हा निराळा झाला. त्याचा तीन-चतुर्थांशाच्या आसपास भाग अरण्य आहे. वाळवंटासाठीं बनलेली ही विद्या येथें येऊन अडखळते. रडारच्या आंखूड लहरी, म्हणजे तीनएक सेंटिमीटर लांबीच्या, सागाच्या रुंद पानांवरच आपटून परत फिरतात. चोवीस सेंटिमीटरांसारख्या लांब लहरी पानांतून बऱ्याच खालीं उतरतात, परंतु बुंधे आणि फांद्या त्यांचाहि गोंधळ करतात. शिवाय पायीं चालणारा मनुष्य इतका संथ असतो कीं झाडीखालून जाणाऱ्या त्याच्या चालीचा फरक दुरून जाणाऱ्या मोठ्या विमानास लागणें फार कठीण. आल्लापल्लीचें जंगल फाल्गुन-चैत्रांत बोडकें होतें, तेव्हां वरून कांहीं दिसेल. श्रावणांत तेंच जंगल झांकलेली मूठ होतें. म्हणून या भागांत मोठ्या रडार-विमानांऐवजीं वैमानिकावांचून चालणारीं छोटीं विमानें, छत्तीसगडांतील भिलाईसारख्या ठिकाणांहून, उडविण्यांत आलीं. त्यांचा भर कॅमेऱ्यावर आणि उष्णता टिपणाऱ्या यंत्रावर. पण पानांची अडचण त्यांनाहि आहेच.

आमच्या जिल्ह्यास अशा डोळ्याची गरज नव्हती, असें कोणी म्हणूं नये. ८ ऑक्टोबर २००९ रोजीं भामरागड तालुक्यांतील लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजीं, महाराष्ट्र दिनींच, कुरखेडा तालुक्यांत जांभूळखेड्याजवळ भूसुरुंग फुटून पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक ठार झाले. पोलिसांत भरती झालेलीं आमच्या जिल्ह्यांतील मुलें आमच्याच शाळांतून शिकलेलीं असतात. पुढें पाऊल टाकण्यापूर्वीं वाटेवर काय दडलें आहे हें जर कोणी वरून सांगूं शकलें असतें, तर किती घरांतील चूल त्या दिवशीं पेटली असती! त्या घरांत मी बसलों आहें. अशा घरीं जाऊन पैशाच्या गोष्टी बोलवत नाहींत.

तथापि त्याच रानांत दुसरींहि घरें आहेत. चैत्रांत मोह फुलला म्हणजे बायका पहांटेच्या काळोखांत टोपल्या घेऊन निघतात. फुलें नीट वेंचतां यावीं म्हणून कोणी झाडाखालचा पाचोळा पेटवितात. आतां कल्पना करा, उष्णता टिपणाऱ्या पडद्यावर काय दिसत असेल? काळोखांत एका रांगेनें चाललेले पांच-सात पांढरे ठिपके, आणि थोड्या वेळानें रानांत ठिकठिकाणीं आग. दूरच्या खोलींत बसलेला शहरांतील तरुण त्यावरून काय समजेल? वैशाखांत तेंदूपत्ता तोडणारे असेच भल्या पहांटे बाहेर पडतात. दूरच्या जत्रेस निघालेलीं माणसें रात्रभर चालतात, आणि त्यांच्या खांद्यावर भाले नव्हे, सामानाच्या कावडी असतात. ठिपक्याला जात नाहीं, भाषा नाहीं, हेतु नाहीं. तो ठिपका कोणाचा, हें सांगण्यास मोहाचा हंगाम कधीं असतो हें जाणणारें माणूस लागतें. असें माणूस विमानाच्या कारखान्यांत घडत नाहीं. तें गांवांत घडतें. म्हणून माझें म्हणणें असें आहे कीं यंत्राच्या आधुनिकीकरणासाठीं जो पैसा मंजूर होतो, त्यांतच पडदा वाचणाऱ्यांना माडिया आणि गोंडी बोली, ऋतु, वाटा आणि सण शिकविण्याची तरतूद असावी. वाटल्यास तींच मुलें, जीं संगणकाची बंद पेटी रोज पुसत होतीं, त्या पडद्यापुढें बसवावींत. त्यांच्याहून चांगलें वाचणारा मिळणार नाहीं.

आणखी एक उपयोग सांगतों. पर्लकोटेला पूर आला म्हणजे भामरागडचा जगाशीं संबंध तुटतो, हें आपण कित्येक पावसाळे ऐकत आलां आहां. पुराच्या दिवसांत आकाश ढगांनीं भरलेलें असतें आणि साध्या कॅमेऱ्यास कांहीं दिसत नाहीं. रडारला मात्र दिसतें. गुळगुळीत पाण्यावर पडलेली लहर आरशावरच्या उन्हासारखी पलीकडे निघून जाते; प्रतिध्वनि परत येत नाहीं, आणि चित्रांत पाणी काळें उमटतें. कोणती वस्ती वेढली गेली आणि कोणता रस्ता बुडाला, हें त्या काळ्या डागावरून कळतें. रडार असलेले उपग्रह आपल्यापाशीं आहेत. ३० जुलै २०२५ रोजीं श्रीहरिकोट्याहून सोडलेला 'निसार' हा भारत आणि अमेरिका यांचा संयुक्त उपग्रह वर सांगितलेल्या चोवीस सेंटिमीटरांच्या लांब लहरी वापरतो, आणि त्याची माहिती सर्वांस खुली ठेवण्याचें धोरण आहे. परंतु उपग्रह ठरल्या वेळींच डोक्यावरून जातो. पूर त्याच्या पाळीची वाट पाहत नाहीं. विमान हवें तेव्हां धाडतां येतें. म्हणून लष्करासाठीं घेतलेलें रडार-विमान, सीमेवर शांतता असेल तेव्हां, पुराच्या चार दिवसांत आमच्या नद्यांवर फिरविण्याचा नियम आधींच करून ठेवावा. ज्याच्या डोळ्याची आपणांस भीति वाटते, त्यानेंच एकदां बुडत्यास पाहून होडी धाडली, तर ती भीति पुष्कळ कमी होईल.

२०२५ च्या ऑक्टोबरांत माओवाद्यांचे मोठे पुढारी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपति यांनीं साठ साथीदारांसह गडचिरोलींत शस्त्रें खालीं ठेवलीं. चार दशकांहून अधिक काळ चाललेल्या संघर्षांतील ही फार मोठी घटना होय. अशा वेळीं जो प्रश्न मागें राहतो तो हा : शस्त्रें खालीं आलीं, तरी आकाशांतील डोळा वरच राहतो. तो पुढें कोणाकडे पाहील, त्यानें टिपलेलीं चित्रें कोण आणि किती दिवस ठेवील, चूक झाली तर जाब कोण देईल? विमानाची किंमत ठरविणाऱ्या कागदावर या प्रश्नांसहि एक रकाना हवा. त्यास पैसा फारसा लागत नाहीं, इच्छा लागते.

आतां त्या मुलाचें उत्तर. तो आज मोठा झाला असेल. कदाचित् हें भाषण ऐकतहि असेल. बाळ, त्या दिवशीं ढगांवर कोणतें विमान होतें हें मला ठाऊक नाहीं. त्यांत रडार असलेंच, तर आपल्या शाळेचें पत्र्याचें छप्पर त्याला लख्ख दिसलें असेल, कारण पत्र्यावरून प्रतिध्वनि जोरानें परत जातो. ओसरीवर उभा असलेला तूं मात्र त्याला दिसला नाहींस. मीं त्या वेळीं तुला चुकीचें सांगितलें. त्या छपराखालीं कोण आहे, हें यंत्रास सांगण्याचें काम अजून आपणां माणसांकडेच आहे, आणि तें आपण सोडून देऊं नये.